छताला दोन घरं फिका

रंगाऱ्याच्या घराला रंग नसतो असं लोकांना उगीच वाटतं. या रंगाऱ्याच्या घरात तर गल्लीतल्या सगळ्या घरांचे मिळून नसतील इतके रंग होते. स्वयंपाकघराची एक भिंत कुठल्याशा दवाखान्याची फिकट हिरवी, तिच्या समोरची कुणा वकिलाच्या दिवाणखान्यातली बदामी, आणि न्हाणीघर एका शाळेच्या जिन्याचं. काम संपलं की डब्याच्या तळाशी लिटरभर तरी रंग उरायचा. मालक म्हणायचे घेऊन जा, आणि हा घेऊन यायचा. स्वतःच्या घरासाठी रंग विकत आणणं म्हणजे न्हाव्याने पैसे मोजून दुसरीकडे दाढी करून घेण्यासारखं आहे, असं त्याचं मत होतं. बायको दर वेळी कमरेवर हात ठेवून नव्या भिंतीकडे बघायची आणि "छान झालंय" म्हणायची. त्याला तेवढं पुरायचं.

धंद्यात त्याला सगळे 'दोनहात' म्हणत. कितीही अवघड काम दाखवा, हा मान तिरकी करून भिंतीकडे बघणार आणि म्हणणार, "दोन हात मारले की झालं." हात म्हणजे रंगाचा एक थर. या एका वाक्यावर त्याने तीस वर्षं निभावून नेली होती. दुसरं एक गुपित होतं, ते मात्र तो गिऱ्हाइकाला कधी सांगत नसे. छताचा रंग शेडकार्डावर जो निवडला असेल, त्याच्यापेक्षा दोन घरं, म्हणजे कार्डावरचे दोन चौकोन, फिका घ्यायचा. छतावर उजेड सरळ पडत नाही, त्यामुळे तिथे कुठलाही रंग गडद दिसतो. कार्डावरचाच लावला तर गिऱ्हाईक हटकून म्हणतं, हा आम्ही सांगितलेला नाही. दोन घरं फिका लावला की तेच गिऱ्हाईक म्हणतं, अगदी सांगितला तसाच. म्हणजे लोकांना जे हवं ते द्यायचं असेल तर ते सांगतील ते द्यायचं नाही, अशी ही विद्या होती, आणि तिचा त्याला भारी अभिमान होता.

बायको मोठ्या इस्पितळात नर्स होती. नवजात बाळांचा वॉर्ड, आणि कायमची रात्रपाळी, गेली अठरा वर्षं. सकाळी सव्वाआठला ती घरी यायची, साडेआठला तो बाहेर पडायचा. संध्याकाळी सातला तो यायचा, सात-वीसला ती निघायची. घरात पलंग एकच, पण तो दोन पाळ्यांत चालायचा. लेक शिकत होती तोवर घरात कुणीतरी तिसरं बोलायला असायचं. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्यापासून नवरा-बायकोचा संसार सकाळची पंधरा मिनिटं आणि संध्याकाळची वीस मिनिटं एवढ्यावर आला होता. पण तेवढ्या वेळात ते जे बोलत ते नीट बोलत. सबंध दिवस शेजारी बसून एकमेकांशी न बोलणारी कितीतरी जोडपी रंगाऱ्याने शिडीवरून बघितली होती.

सुट्टीच्या दिवशीही तो दिवसा घरात थांबत नसे. तिची झोपमोड नको म्हणून रविवारी सकाळीच पिशवी घेऊन बाजारात जायचा, मग मित्राच्या दुकानात बसायचा, मग आणखी कुठे. त्यामुळे स्वतःच्या झोपायच्या खोलीत भरदिवसा तो शेवटचा कधी शिरला होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

एका मंगळवारी रोलरचा लांब दांडा घरी राहिला म्हणून त्याला सकाळी अकराला परत यावं लागलं. कुलूप हळूच उघडून तो चोरपावलांनी आत शिरला. खोलीचं दार सताड उघडं, आणि बायको पलंगावर उताणी, डोळ्यांवर ओला टॉवेल. टॉवेलाखालून ती म्हणाली, दांडा दारामागे आहे.

त्याने दांडा घेतला, आणि घेता घेता वर बघितलं. त्याचे डोळेच दिपले. दोन वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरातला पांढराशुभ्र, चकचकीत ऑइल पेंट चार लिटर उरला होता. इतका उंची रंग फुकट मिळाल्याच्या आनंदात त्याने तो या छताला लावला होता. दहा वर्षं बघायला नको, नुसतं फडक्याने पुसलं की झालं, असं तो गल्लीत सांगत फिरला होता. पुढे समोर एक उंच इमारत उभी राहिली, आणि मागच्या हिवाळ्यात तिला वरपासून खालपर्यंत काचा लागल्या. आता दहा वाजले की ऊन त्या काचांवर आपटायचं, तिथून खिडकीच्या वरच्या तावदानांतून आत यायचं आणि थेट छतावर जायचं. खाली जाड पडदे होते, त्यांचा काही उपयोग नव्हता. उजेड वरून येत होता, आणि तीन वाजेपर्यंत येत राहायचा.

त्याने विचारलं, कधीपासून असं? समोर काच लागल्यापासून, ती म्हणाली. तावदानांना पुठ्ठा लावून बघितला होता, पण मग हवाच बंद व्हायची आणि ती घामाघूम होऊन उठून बसायची. मग बोलली का नाहीस, असं त्याने जरा चिडूनच विचारलं.

"तुम्ही एवढ्या हौसेने लावलेला," ती म्हणाली. टॉवेल अजून डोळ्यांवरच होता.

आठ महिने. रंगारी कामावर परत गेला, पण त्या दिवशी त्याचा हात काही सरळ चालला नाही.

संध्याकाळी बुटाची नाडी बांधता बांधता तिने उरलेलं सांगितलं. मागच्या आठवड्यात तिने एकाच बाळाचं तापमान दोनदा लिहिलं होतं. चूक तिची तिलाच सापडली, कुणाला काही झालं नाही, पण मोठ्या सिस्टरांच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांनी तिला खोलीत बोलावून प्रेमानेच विचारलं, तुला झोप मिळते का? आणि सांगितलं की एक महिना बघू. नाहीतर तुला दिवसा केसपेपरच्या खिडकीवर बसवते. काम हलकं आहे, रात्री घरी झोपशील.

हे सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पण नाडीची गाठ दोनदा सुटली. त्या वॉर्डावर तिचा जीव होता. तळहातावर मावतील एवढी बाळं यायची आणि महिना-दीड महिन्याने गुटगुटीत होऊन घरी जायची. जाताना त्यांच्या आया हिच्याच गळ्यात पडायच्या. केसपेपरच्या खिडकीत बसून नाव, वय, पत्ता लिहून घेणं म्हणजे तिच्या दृष्टीने नोकरी सोडण्याची हळू पद्धत होती.

आणि रंगाऱ्याला काय वाटलं? सांगायला तोही लाजला असता, पण खरं ते खरं. त्याला आनंद झाला. ती जिना उतरून गेली, तो ताट वाढून घेऊन बसला, आणि पहिल्या घासालाच त्याच्या डोळ्यांसमोर आलं की समोर दुसरं ताट आहे. जेवण झाल्यावर कुणीतरी म्हणतंय, दिवा घालवा आता. अठरा वर्षं तो तिच्याविना जेवला होता आणि एकटा दिवा घालवून झोपला होता, आणि त्याबद्दल एकदाही कुरकुरला नव्हता. मग दुसऱ्या घासाला त्याला स्वतःची लाज वाटली. तिसऱ्या घासाला त्याने ठरवलं की छताला नवा रंग द्यायचा, आणि या वेळी तिने निवडलेला, दुकानातून विकत आणलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उशिरा निघाला. त्याने तिच्या हातात शेडकार्ड दिलं. तिने उलटसुलट करून बघितलं. घरात आजवर इतके रंग लागले, पण तिला कधी कुणी कोणता हवा म्हणून विचारलं नव्हतं, त्यामुळे पहिली पाच मिनिटं ती म्हणत राहिली की तुम्हाला योग्य वाटेल तो लावा. तो हटून बसला. मग ती कार्ड घेऊन पलंगावर उताणी झाली, दोन्ही हातांनी ते डोक्यावर आडवं धरलं आणि एकेक पट्टी सरकवायला लागली. रंगारी बघतच राहिला. छताचा रंग असाच बघायचा असतो. तीस वर्षं तो गिऱ्हाइकांना हे सांगून थकला होता, पण जो तो कार्ड भिंतीला टेकवून बघायचा. हिला कुणी शिकवलं नव्हतं.

पांढरे, पिवळे, गुलाबी सगळे गेले. निळ्याच्या पट्टीवर ती थांबली. पट्टीत सात घरं होती, वर सगळ्यात फिकं, तळाशी सगळ्यात गडद. तिने तळातल्या सातव्या घरावर अंगठा ठेवला. शाईची दौत सांडावी तसा निळा होता तो.

रंगाऱ्याने हात टेकले. तो म्हणाला, खोली विहिरीसारखी दिसेल. छत दीड हात खाली आल्यासारखं वाटेल.

"मी झोपणार आहे," ती म्हणाली. "झोपायला उंची कशाला लागते?"

त्याने नंबर खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतला.

दुकानात रंग मिसळायचं यंत्र होतं. नंबर सांगायचा, की ते पांढऱ्या डब्यात थेंब थेंब टाकून गरगर फिरवून द्यायचं. दुकानदार त्याचा जुना दोस्त. त्याने विचारलं, कुणाच्या घरचं छत? माझ्याच घरचं, म्हटल्यावर त्याने आधी चहा मागवला, कारण असा प्रसंग त्याच्या दुकानात प्रथमच येत होता. मग त्याने नंबर विचारला. आता हिशेब सरळ होता. सातवं घर निवडलं, दोन घरं फिका, म्हणजे पाचवं. चिठ्ठी खिशातच राहिली आणि रंगाऱ्याच्या तोंडून नंबर निघाला तो तिसऱ्या घराचा. आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. ते बदलायला वेळही भरपूर होता, कारण चहा यायचा होता. पण तो गप्प राहिला. इतका गडद रंग लावून उद्या तिलाच नको झाला तर, असं त्याने मनाशी म्हटलं. तीस वर्षांचा अनुभव काही उगीच नाही, असंही म्हटलं. आणखी एक कारण होतं, ते मात्र त्याने मनाशीही म्हटलं नाही.

ती दोन दिवस वॉर्डातल्या मैत्रिणीकडे झोपायला गेली. त्याने पलंगावर जुनी चादर टाकली, चकचकीत रंग पॉलिश पेपरने घासून काढला, प्रायमर मारला, आणि वर दोन हात. काम नेहमीप्रमाणे चोख झालं. शुक्रवारी सकाळी ती आली. कमरेवर हात ठेवून तिने वर बघितलं. सकाळच्या प्रसन्न आभाळासारखा निळा होता तो. तिने बराच वेळ बघितलं.

"छान झालंय," ती म्हणाली.

तो डबा घेऊन लगबगीने बाहेर पडला.

पण त्या दोन शब्दांनी त्याला चैन पडू दिली नाही. हे शब्द त्याने आजवर दवाखान्याच्या हिरव्यावर ऐकले होते, वकिलाच्या बदामीवर ऐकले होते, हॉटेलच्या चकचकीत पांढऱ्यावरही ऐकले होते. यातलं खरोखर छान काय होतं, हे आता त्याला कळेना. चार दिवस त्याने कसेबसे काढले. पाचव्या दिवशी अकरा वाजता, काहीही विसरलेलं नसताना, तो शिडीवरून उतरला आणि घरी आला.

पलंग रिकामा होता. छतावर ऊन नाचत होतं, फक्त आता ते निळसर होतं. बायको स्वयंपाकघरात सापडली. गादी ओढत आणून तिने ती जमिनीवर ओट्याच्या सावलीत टाकली होती. उशी पाण्याच्या पिंपाला टेकलेली, पाय गॅसच्या सिलिंडरला लागलेले, गुडघे पोटाशी. नळ ठिबकत होता त्याच्याखाली तिने फडकं ठेवलं होतं, आवाज होऊ नये म्हणून. तोंड उघडं टाकून ती झोपली होती.

पन्नाशीच्या बाईने स्वतःच्या घरात असं झोपावं, आणि तेही नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून गुपचूप, हे बघून त्याचा जीव गलबलला. आपण काय केलं ते त्याला स्वच्छ दिसलं. हात चुकला नव्हता, सवयही आड आली नव्हती. सवयीने पाचवं घर निघालं असतं. तिसरं घर त्याने मुद्दाम मागितलं होतं, आणि कशासाठी मागितलं होतं तेही त्याला नीट ठाऊक होतं.

तिथून तो तडक दुकानात गेला आणि चिठ्ठीवरचा नंबर सांगितला. दुकानदाराने सवयीने विचारलं, छताला ना, मग दोन घरं सोडून? कार्डावरचाच दे, रंगारी म्हणाला, उलट वर आणखी गडद दिसला तर बरंच आहे. दुकानदाराने त्याच्याकडे जरा काळजीने बघितलं.

संध्याकाळी डबा दारातच ठेवून तो तिच्यासमोर खुर्चीवर बसला. ती केस बांधत होती. वीस मिनिटं होती, त्यातली पाच त्याने घसा खाकरण्यात घालवली. मग त्याने सगळं सांगितलं. सातवं, पाचवं, तिसरं. स्वयंपाकघरातली गादी बघितली तेही सांगितलं.

"म्हणजे मला झोप लागू नये म्हणून," ती म्हणाली. तिचे हात केसांतच थांबले होते.

"झोप लागू नये म्हणून नाही गं. तू रात्री घरी यावीस म्हणून."

"ते एकच झालं."

"हो," तो म्हणाला. "एकच झालं."

बाहेर कुणीतरी मोटार सुरू करायची खटपट करत होतं. मग तिने विचारलं की अठरा वर्षांत हे एकदाही का बोलला नाहीत.

"बोललो असतो तर तू वॉर्ड सोडला असतास," तो म्हणाला. "म्हणून नाही बोललो."

"सोडला असता," ती म्हणाली. "आणि रात्री दोन वाजता तुमच्या शेजारी टक्क जागी पडून राहिले असते. कुठल्या बाळाचं दूध राहिलं असेल, हा विचार करत."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक होतं, तर मग तिसरं घर कसं आणलंत?"

त्याने दारातला डबा आणला आणि झाकण उघडून तिच्यापुढे धरला. आतला रंग इतका गडद होता की दोघांची तोंडं त्यात अंधुक दिसत होती. तिने बोटाचं टोक बुडवलं, उजेडात धरलं, आणि मान डोलावली. हा, म्हणाली. मग घड्याळाकडे बघून उठली. उशीर झाला होता, पण जिन्यात ती थांबली, परत वर आली, आणि तेच निळं बोट तिने त्याच्या नाकाला पुसलं. म्हणजे ती रागावलेली नव्हती. निदान फार रागावलेली नव्हती. रंगाऱ्याने ते नाक रात्री झोपेपर्यंत धुतलं नाही.

या वेळी त्याने तीन हात मारले. बातमी कशी कोण जाणे, धंद्यात पसरली, आणि दोनहाताने तिसरा हात मारला म्हणून आठवडाभर त्याची टिंगल झाली. लेकीने फोनवर छताचा फोटो बघून विचारलं की वीज गेली होती का. पण दहा वाजता ऊन काचांवर आपटून आत आलं, छतापर्यंत गेलं आणि तिथेच जिरलं. तावदानं उघडी, हवा खेळती, आणि खोलीत संध्याकाळी असतो तेवढाच उजेड. गादी पलंगावर परत आली.

बायको पहिल्या दिवशी सहा तास झोपली, दुसऱ्या दिवशी साडेसहा. महिना भरला त्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, हातात नव्या बाळाची फाइल दिली आणि पुढे निघून गेल्या. केसपेपरच्या खिडकीचं नाव पुन्हा निघालं नाही. सकाळी तिने हे सांगितलं तेव्हा रंगाऱ्याला खरोखर बरं वाटलं. समोरचं दुसरं ताट आता येणार नव्हतं, पण ते सोसण्यासारखं होतं.

पुढच्या रविवारी ती पाळी संपवून आली तेव्हा तो पिशवी घेऊन दारात उभा होता. तिने पिशवी त्याच्या हातातून काढून खुंटीला अडकवली. बाजार कुठे जात नाही, म्हणाली.

"रात्री मी येऊ शकत नाही ना. मग तुम्ही दिवसा या."

सकाळी साडेनऊला धडधाकट माणसाने झोपायचं, ही कल्पनाच रंगाऱ्याला चमत्कारिक वाटली. शेजारी काय म्हणतील, भाजी शिळी मिळेल, असं काहीतरी तो पुटपुटला. पण बूट काढून तो निमूटपणे पलंगाच्या कडेला आडवा झाला. पलंगाची कुठली बाजू आपली हेच आता दोघांना आठवेना, कारण अठरा वर्षं दोघंही मधोमध झोपत आली होती. थोडी रेटारेटी झाली. मग ती भिंतीकडे गेली आणि तो खिडकीकडे. ती वॉर्डातल्या एका बाळाबद्दल सांगायला लागली, आज पहिल्यांदा त्याने तिचं बोट धरलं होतं, आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत तिला झोप लागली. हात तेवढा त्याच्या दंडावर राहिला.

दहा वाजले. ऊन आलं आणि वर जाऊन मावळलं. आपल्या हाताने रंगवलेल्या छताखाली भरदिवसा पडून राहायची रंगाऱ्याची ही पहिलीच वेळ. खोली विहिरीसारखी दिसत नव्हती. ती नुसती शांत होती. आणि मग पंख्याच्या कांबीजवळ त्याला दिसलं, बोटभर जागा सुटली होती. तिन्ही हात तिथे पोचले नव्हते, आणि मागचा फिका निळा डोळा मारल्यासारखा मधूनच बाहेर बघत होता. दुसऱ्या कुणाच्या घरी असं राहिलं असतं तर त्याने जेवण सोडून शिडी लावली असती. डब्यात रंग उरला होता. ब्रश न्हाणीघरात होता. पाच मिनिटांचं काम होतं.

त्याने दंडावरच्या हाताकडे बघितलं. उठायचं तर तो उचलून बाजूला ठेवावा लागला असता.

राहू दे, असं त्याने ठरवलं, आणि डोळे मिटले.